नदीतले रोगजंतू: बाहेरून येणारे आणि मुळचे तिथलेच

कासहून खाली उतरताना रस्त्याकडेच्या झऱ्याखाली ओंजळ धरून पाणी प्यायलं, तर सातारकराला त्यात काही वावगं वाटत नाही. तोच माणूस जूनमध्ये सांगलीच्या आयर्विन पुलावरून तांबडीलाल कृष्णा बघतो आणि म्हणतो, हे पाणी प्यायचं म्हणजे दुखणं विकत घ्यायचं. दोन्ही वेळा निवाडा डोळ्यांनी झालेला असतो, आणि जंतूंच्या बाबतीत डोळे फारसे कामाचे नाहीत. एक जिवाणू साधारण एक ते दोन मायक्रोमीटर लांब असतो, म्हणजे मिलिमीटरचा जेमतेम पाचशेवा-हजारावा भाग. एक मिलिलिटर पाण्यात त्यांची संख्या कोटीच्या घरात जाईपर्यंत पाणी आपल्याला नितळच दिसतं. कासच्या झऱ्यावर आपल्या आधी गवे, रानडुकरं आणि गुरं येऊन गेलेली असतात, ते पाण्याच्या रंगावरून कळत नाही.

मी कराडच्या बाजूला महाविद्यालयात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते. नदीच्या पाण्यात जंतू असतात का, हा प्रश्न मला दर पावसाळ्यात कुणी ना कुणी विचारतं. उत्तर सोपं आहे: असतात, आणि असायलाच हवेत. चांगल्या, निरोगी नदीचं एक मिलिलिटर पाणी सूक्ष्मदर्शकाखाली तपासलं तर त्यात साधारण दहा लाख जिवाणू भरतात. पडलेला पाला, मेलेले मासे, वाहून आलेली घाण कुजवून तिचं पुन्हा खत-पाणी करण्याचं काम तेच करतात. त्यातले जवळपास सगळे माणसाच्या वाटेलाही जात नाहीत. म्हणून "जंतू आहेत का" यापेक्षा तीन गोष्टी विचारायला हव्यात: कोणता जंतू, तो आला कुठून, आणि आपल्या अंगात शिरतो कोणत्या वाटेनं. या तिन्हींची उत्तरं कळली की काय करायचं ते आपोआप कळतं. कारण उकळलेलं पाणी विषमज्वरापासून वाचवेल, पण लेप्टोपासून, म्हणजे कातडीतून शिरणाऱ्या लेप्टोस्पायरोसिस या आजारापासून, वाचवेलच असं नाही.

पाहुणे आणि घरचे

नदीतल्या रोगजंतूंचे ढोबळमानानं दोन गट पडतात. एक पाहुण्यांचा, एक घरच्यांचा. पाहुणे म्हणजे माणसाच्या किंवा जनावराच्या पोटातून आलेले. विषमज्वराचा साल्मोनेला टायफी, रक्ती आवेचा शिगेला, जुलाब करणारे ई. कोलायचे काही प्रकार, कॅम्पिलोबॅक्टर ही त्यातली मुख्य मंडळी. नदी हे यांचं घर नव्हे. त्यांना सदतीस अंशांची ऊब आणि आयतं खाणं यांची सवय. नदीत आल्यावर थंडी, उपासमार आणि ऊन या तिन्हींशी एकदम गाठ पडते. उन्हातले अतिनील किरण वरच्या थरातल्या जंतूंना मारतात. पाण्यातले एकपेशीय प्राणी त्यांना खातात. शिवाय जिवाणूंनाच लागण करणारे विषाणू, ज्यांना फाज म्हणतात, ते त्यांचा फडशा पाडतात. गंगा-यमुनेच्या पाण्यात कॉलऱ्याचे जंतू लवकर मरतात, असं अर्नेस्ट हँकिन या जंतुशास्त्रज्ञांनी १८९६ मध्येच नोंदवलं होतं. वाहतं पाणी शुद्ध, हे जुनं म्हणणं पूर्ण खोटं नाही. मात्र नदीला त्यासाठी वेळ आणि अंतर लागतं. वरच्या गावाचा नाला आणि खालच्या गावाची जॅकवेल (नदीतून पाणी उपसायची विहीर) यांत चार-दोन किलोमीटरच असतील, तर तिला ना वेळ मिळतो ना अंतर.

पाहुण्यांपैकी काही चिवट असतात. नदीच्या तळाच्या गाळात ऊन पोचत नाही, खायला मिळतं आणि शिकारी कमी असतात. तिथे ई. कोलाय आठवडेच्या आठवडे तग धरतो. डोहाचं वरचं पाणी तपासलं तर ठीक निघतं, आणि त्याच डोहात पोरांनी उड्या मारून गाळ ढवळला की आकडा चढतो.

विषमज्वराची गोष्ट यात वेगळी. साल्मोनेला टायफी फक्त माणसात राहतो. गुरांमध्ये नाही, पक्ष्यांमध्ये नाही. त्यामुळे नदीत तो सापडला तर वर कुठेतरी माणसाचा मैला पाण्यात मिसळलाय हे नक्की. काही जण आजारातून उठतात, हिंडू-फिरू लागतात, पण जंतू त्यांच्या पित्ताशयात ठाण मांडून बसतो आणि वर्षानुवर्षं शौचावाटे बाहेर पडत राहतो. त्या माणसाला स्वतःला काही होत नाही. कॅम्पिलोबॅक्टरचं उलट. तो कोंबड्यांच्या आणि इतर पक्ष्यांच्या आतड्यात सुखानं नांदतो आणि थंड पाण्यात बराच काळ टिकतो. जानेवारी २०२५ मध्ये पुण्याच्या सिंहगड रस्ता भागात जीबीएसचे, म्हणजे हातापायांतली ताकद जाण्याच्या आजाराचे रुग्ण एकाएकी वाढले, तेव्हा काही रुग्णांच्या शौचाच्या नमुन्यांत हाच जंतू सापडला होता. जंतू पोटात जातो, जुलाब होऊन दोन-चार दिवसांत बरं वाटतं, आणि मग शरीराची प्रतिकारशक्ती चुकून स्वतःच्याच नसांवर हल्ला करते. असं फार थोड्यांच्या बाबतीत होतं, पण होतं.

पंधरा नळ्या

एवढ्या सगळ्या जंतूंना पाण्यात एकेक करून शोधणं परवडत नाही. म्हणून तपासणी करतात ती त्यांच्या सोबत हमखास असणाऱ्याची. ई. कोलाय प्रत्येक माणसाच्या आणि गुराच्या आतड्यात असतो, बहुतेक वेळा निरुपद्रवी. पाण्यात तो दिसला म्हणजे विष्ठा मिसळली आहे, आणि विष्ठा मिसळली तर बाकीचे यायला वाट मोकळी आहे.

ही तपासणी कशी होते ते जवळून बघण्यासारखं आहे. आम्ही मुलांना घेऊन प्रीतिसंगमावर जातो, जिथे कोयना आणि कृष्णा समोरासमोर येऊन मिळतात. काचेची बाटली आदल्या दिवशी निर्जंतुक करून कागदात गुंडाळलेली असते. गुडघाभर पाण्यात उभं राहायचं, बाटली उपडी धरून फूटभर खाली न्यायची, तिथे तोंड समोरून येणाऱ्या प्रवाहाकडे वळवायचं आणि भरली की वर काढायची. वरचा तवंग येऊ द्यायचा नाही, तळही ढवळायचा नाही. काठोकाठ भरायची नाही. लगेच बर्फाच्या डब्यात. वाटेत चहाला थांबायचं नाही, हे मी दरवर्षी बजावते, कारण उन्हात ठेवलेल्या नमुन्यात जंतू वाढतात किंवा मरतात आणि दोन्ही प्रकारे आकडा खोटा येतो.

प्रयोगशाळेत जांभळ्या रंगाचं द्रावण भरलेल्या पंधरा नळ्या तयार असतात. प्रत्येक नळीत एक बोटभरही नसलेली काचेची छोटी नळी उपडी सोडलेली. पहिल्या पाच नळ्यांत दहा-दहा मिलिलिटर पाणी, पुढच्या पाचांत एकेक, शेवटच्या पाचांत एकदशांश. रात्रभर सदतीस अंशांवर ठेवायच्या. सकाळी कपाट उघडलं की उत्तर समोर असतं: जिथे हे जंतू आहेत तिथे जांभळा रंग पिवळा पडलेला, आणि आतल्या उपड्या नळीच्या टोकाला वायूचा बुडबुडा अडकलेला. किती नळ्या पिवळ्या झाल्या त्यावरून तक्ता बघून शंभर मिलिलिटरमागे संभाव्य संख्या काढतात. मग पिवळ्या नळ्यांतलं थेंबभर घेऊन साडेचव्वेचाळीस अंशांवर पुन्हा तपासतात, म्हणजे मातीतले साधे सोबती गळून आतड्यातले तेवढे उरतात. पावसाचा पहिला लोंढा येऊन गेल्यावर घेतलेल्या नमुन्यात बऱ्याचदा पंधराच्या पंधरा नळ्या पिवळ्या होतात. रोज त्या घाटावर येणारी, तिथेच पोहायला शिकलेली मुलं त्या नळ्यांकडे बघत गप्प होतात, आणि मग दुप्पट प्रश्न विचारतात.

आकडे कशाशी ताडायचे? आंघोळीच्या पाण्यासाठी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या निकषांत विष्ठाजन्य कोलिफॉर्म, म्हणजे ई. कोलाय आणि त्याचे आतड्यातले भाऊबंद, शंभर मिलिलिटरमागे ५०० पर्यंत असणं चांगलं आणि २५०० ही कमाल मर्यादा. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानक १०५०० नुसार कोणत्याही शंभर मिलिलिटरच्या नमुन्यात ई. कोलाय सापडताच कामा नये. म्हणजे शून्य. गावात आशाताई किंवा जलसुरक्षक ज्या छोट्या बाटलीत पाणी भरून ठेवतात आणि ती काळी पडली तर पाणी खराब म्हणतात, ती एच-टू-एस बाटली याच तपासणीची स्वस्त, घरगुती बहीण. ती नेमका आकडा सांगत नाही, पण वाडीवस्तीवर बसून एक-दोन दिवसांत धोक्याची सूचना देते. मला तिचं मोल फार वाटतं.

नवं पाणी

नदीत सर्वांत वाईट पाणी कधी असतं? महापुरात, असं बहुतेकांना वाटतं. पण जंतूंच्या मोजणीत बऱ्याचदा पहिला मोठा पाऊसच वरचढ ठरतो. उन्हाळाभर ओढ्या-ओघळींच्या काठांवर, गोठ्यांमागे, उकिरड्यांवर, उघड्यावर जे साठलेलं असतं ते मृगाच्या दोन जोरदार सरींत एकदम नदीत येतं. नदीत तेव्हा पाणी कमी असतं, म्हणून ते पातळही होत नाही. गाळ ढवळला जातो, त्यात दडलेले वर येतात. गढूळपणामुळे ऊन आत जात नाही. जंतूंना मारणाऱ्या गोष्टी बंद आणि जंतूंची आवक चालू, असं दोन्ही बाजूंनी होतं. गढूळ रंग जंतूंचा नसला, तरी या काळात तो त्यांच्यासोबतच येतो.

आणि नेमक्या याच दिवसांत आपण पाण्यात उतरतो! नवं पाणी आलं की चढणीचे मासे. रात्री बॅटऱ्या घेऊन ओढ्यात, गुडघाभर तांबड्या पाण्यात, अनवाणी. त्या गंमतीत पाण्याचे घोट जातात, पायाला खरचटतं. मासे धरू नका असं मी सांगणार नाही. सांगून कुणी ऐकणारही नाही. पण पायात बूट घाला, जखम असेल त्यानं काठावर उभं राहून पोतं धरावं, आणि घरी आल्यावर साबणानं हातपाय धुतल्याशिवाय भाकरीला हात लावू नये.

महापूर वेगळ्या रीतीनं त्रास देतो. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. तिथली धोक्याची पातळी आहे ४५ फूट. एवढ्या पाण्यात जंतू पातळ होतात हे खरं, पण गटारं, शौचालयाच्या टाक्या, गोठे, विहिरी आणि पिण्याच्या टाक्या यांच्यातली भिंतच उरत नाही. मैल्याचं पाणी जिथे कधी जात नव्हतं तिथे जातं, आणि पूर ओसरल्यावर तिथेच थांबतं. म्हणून पूर असताना जितकी काळजी घेतो तितकीच त्यानंतरचे तीन-चार आठवडे घ्यावी लागते. घरातला गाळ काढताना, भिजलेलं धान्य उचलताना, उंदीर-घुशी उंचावरच्या घरांत आसरा घेतात तेव्हा.

पायातून येणारा

उंदरांचं नाव निघालं म्हणजे लेप्टोस्पायरोसिसकडे यावंच लागतं. साताऱ्या-सांगलीच्या शेतकऱ्यानं एकाच पाण्यातल्या आजाराची नीट माहिती घ्यायची ठरवली, तर ती याची घ्यावी असं मला मनापासून वाटतं.

लेप्टोस्पायरा हा बारीक, मळसूत्री जिवाणू. उंदीर, घुशी, गुरं, डुकरं, कुत्री यांच्या मूत्रपिंडात तो राहतो आणि लघवीवाटे बाहेर पडतो. उंदराला स्वतःला सहसा काही होत नाही. ओल्या जमिनीत, साचलेल्या पाण्यात तो आठवड्यांमागून आठवडे जगतो. त्याला तोंडानं आत जायची गरज नाही. कातडीला चीर असेल, खरचटलं असेल, पाण्यात राहून कातडी भिजून मऊ पडली असेल, तर तो तिथून शिरतो. डोळ्यांतून, नाकातूनही शिरतो.

पाटणकडच्या एका वाडीत लावणीच्या दिवसांत एक आजी बांधावर पाय पसरून बसल्या होत्या. बोटांच्या बेचक्यांत कातडी पांढरी पडून सोललेली, मध्ये लाल चिरा, त्यावर हळद आणि खोबरेल चोपडलेलं.

"आजी, हे कधीपासून?"

"चिखल्या हायत्या गं बाई. लावणीत कुणाला चुकल्यात?"

त्या चिरांकडे बघताना मला लेप्टोस्पायराचा रस्ताच दिसत होता. चिखलात दिवसभर उभं राहणाऱ्या बाईच्या पायाला चिखल्या होणं आपण इतकं गृहीत धरलंय की तो आजार आहे आणि दुसऱ्या आजाराचं दारही आहे, हे कुणी तिला सांगत नाही. बुटांत चिखल भरतो, पाय रुततो, म्हणून लावणीत बूट चालत नाहीत, हेही आजींनी सांगितलं आणि ते बरोबरच होतं. अशा वेळी निदान दुपारी पाय स्वच्छ पाण्यानं धुऊन कोरडे करणं, चिखल्या चिघळल्यावर औषध घेणं आणि खोल जखम असेल तर ती बरी होईपर्यंत चिखलणीचं काम दुसऱ्यानं करणं, एवढं तरी होऊ शकतं.

उसाच्या पट्ट्यातही हेच. रात्रीची लाईट असली की मध्यरात्री अनवाणी पायानं दारं धरायची, म्हणजे उसाला पाणी पाजायचं, आणि उसाच्या फडात उंदरांची वस्ती. ऑस्ट्रेलियाच्या क्वीन्सलँडमध्ये १९३४-३५ च्या सुमारास ऊसतोड कामगारांत हा आजार इतका पसरला की तोडणीआधी ऊस पेटवून उंदीर घालवावेत या मागणीसाठी १९३५ मध्ये त्यांनी संप केला. ऊस पेटवणं मला आपल्याकडे पटत नाही, धूर आणि जमिनीचं नुकसान दोन्ही आहे. पण त्या कामगारांनी एक गोष्ट नव्वद वर्षांपूर्वी मान्य करायला लावली: हा शेतात काम केल्यानं होणारा आजार आहे. आपल्याकडे तो अजून "ताप आला होता" एवढ्यावरच निकालात निघतो.

लक्षणं फसवी आहेत. पाण्यात राबल्यावर बहुधा पाच ते चौदा दिवसांनी, कधी त्याहून लवकर किंवा महिनाभरानंही, थंडी वाजून जोराचा ताप, डोकेदुखी, डोळे लाल आणि पोटऱ्या धरल्यासारख्या दुखणं. डेंगीही असाच सुरू होतो. पुष्कळ जण बरे होतात. काहींना मात्र कावीळ होते, लघवी कमी होते, फुप्फुसात रक्तस्राव होतो, आणि मग तास मोजावे लागतात. वेळेत ओळखला तर तो साध्या, स्वस्त प्रतिजैविकांनी बरा होतो. म्हणून डॉक्टरकडे गेल्यावर ताप किती हे सांगण्याआधी "आठ दिवसांपूर्वी लावणीत होतो", "पुराच्या पाण्यातून चालत गेलो होतो" हे सांगा. त्या एका वाक्यानं तपासणीची दिशा बदलते. मुंबईत २६ जुलै २००५ च्या पुरानंतर लेप्टोची साथ आली होती, आणि तेव्हापासून पुराच्या पाण्यात उतरलेल्यांना डॉक्टरांच्या सल्ल्यानं प्रतिबंधक गोळ्या देण्याची पद्धत रुळली. त्या गोळ्या मनानं घ्यायच्या नाहीत. गरोदर बाई आणि लहान मुलं यांना त्या चालत नाहीत.

घरचे

आता मुळचे पाण्यातलेच. यांना गटार लागत नाही, माणूसही लागत नाही. यात सर्वांत मोठं नाव कॉलऱ्याचं, आणि हे ऐकून बऱ्याच जणांना आश्चर्य वाटतं. रॉबर्ट कॉख यांनी १८८४ मध्ये कलकत्त्याच्या तळ्याच्या पाण्यात कॉलऱ्याचा जंतू दाखवला, तेव्हा तो रुग्णांकडून तळ्यात आला असंच सगळे समजत होते. पुढे कळलं की व्हिब्रिओ कॉलरी खाडीच्या आणि गोड्या पाण्यात स्वतंत्रपणे राहतो. पाण्यात कोपेपॉड नावाचे बारीक कवचधारी जीव असतात, त्यांच्या कवचाला हा चिकटून बसतो. थंडी पडली किंवा खायला मिळेनासं झालं की तो एका सुप्त अवस्थेत जातो. प्रयोगशाळेत नेहमीच्या पद्धतीनं वाढवायला घेतला तर वाढत नाही, पण मेलेलाही नसतो.

यावरून सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ रिटा कॉलवेल आणि सहकाऱ्यांनी बांगलादेशात केलेला प्रयोग मला विलक्षण वाटतो. जुन्या, धुऊन धुऊन मऊ झालेल्या सुती साडीच्या चार घड्या करून त्यातून पाणी गाळायचं, एवढंच. एकटा जंतू त्या कापडातून सहज निसटतो, पण कोपेपॉड अडकतो आणि त्याला चिकटलेले जंतूही. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात अशा गावांत कॉलरा ४८ टक्क्यांनी कमी झाला. नवीन कापड तितकं चालत नाही. जुन्या कापडाचे धागे सुटून छिद्रं बारीक होतात. मात्र आपल्या नळाला बांधलेलं फडकं विषमज्वर थांबवेल असा अर्थ यातून काढू नये. तिथे कुणाला चिकटून येण्याचा प्रश्नच नाही, जंतू सुटे येतात आणि सुटेच निघून जातात.

नदीत व्हिब्रिओ सापडला म्हणजे साथ आली, असंही नाही. त्याचे दोनशेहून जास्त गट आहेत आणि साथ आणणारे दोनच: ओ-१ आणि ओ-१३९. त्यांच्याकडे विष बनवण्याची जनुकं असतात, आणि तीही मुळात एका फाजनं आणून दिलेली.

बाकीचे घरचे थोडक्यात. एरोमोनास गोड्या पाण्यात सगळीकडे असतो. नदीत दगडानं पाय कापला आणि दुसऱ्या दिवशी जखम झपाट्यानं सुजली, तापली, तर उशीर न करता दवाखाना गाठावा. डोहात पोहून आल्यावर कान ठणकतो तो बहुधा स्यूडोमोनासमुळे. मेलिऑइडोसिसचा जंतू ओल्या मातीत आणि पाण्यात राहतो आणि मधुमेह असलेल्यांना जास्त गाठतो, म्हणून साखर असलेल्यांनी चिखलात अनवाणी काम करूच नये.

पोटातलं आम्ल आणि टाकीतलं टीसीएल

एकाच ओढ्याचं पाणी दोघं पितात, एक आजारी पडतो, दुसरा ठणठणीत. यामागे किती जंतू पोटात गेले हे असतं, आणि जठरातलं आम्ल असतं. शिगेलाचे दहा ते शंभर जंतूही आजार द्यायला पुरतात. कॉलऱ्याला मात्र फार मोठी संख्या लागते, कारण तो आम्लात मरतो. स्वयंसेवकांना सोडा देऊन जठरातलं आम्ल मारलं, तेव्हा हजारो पटींनी कमी जंतूंत कॉलरा झाल्याचं दिसलं. रोज सकाळी ॲसिडिटीची गोळी घेणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं. गोळी बंद करू नका, पण यात्रेत, पुरात, प्रवासात पाण्याबाबत इतरांपेक्षा जास्त कडक राहा.

गावच्या टाकीत टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर, टाकतात ते नदीतले पाहुणे आणि घरचे दोघांनाही मारतं, फक्त त्याच्या दोन अटी आहेत. एक, पावडर ताजी हवी. नव्या टीसीएलमध्ये क्लोरीन ३३ टक्क्यांच्या आसपास असतं, पण पोतं उघडं राहिलं, ओल लागली की ते उडून जातं. वीस टक्क्यांच्या खाली गेलेली पावडर टाकली काय आणि न टाकली काय, सारखंच. दोन, पाणी स्वच्छ हवं आणि अर्धा तास मिळायला हवा. गढूळ पाण्यात क्लोरीन मातीवर आणि पाल्यावरच खर्ची पडतं, जंतूंपर्यंत पोचत नाही. आधी तुरटी, गाळ खाली बसू द्यायचा, मग टीसीएल. नळाला पाणी आलं की जलसुरक्षकानं शेवटच्या घरी ओटी घ्यायची असते: छोट्या नळीत पाणी, त्यात औषधाचे थेंब, आणि पिवळा रंग आला तर क्लोरीन शिल्लक आहे. टाकीखालच्या पहिल्या घरी पिवळा आणि गावाच्या टोकाला पांढरा, असं दिसलं तर मध्ये कुठेतरी पाइप फुटलाय किंवा डोस कमी पडलाय. शेवटच्या घरी लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम उरायला हवं. ग्रामपंचायतीला लाल, पिवळं, हिरवं कार्ड मिळतं त्यात याच गोष्टी बघतात. ग्रामसभेत आपल्या गावाचं कार्ड कोणतं ते विचारण्याचा हक्क प्रत्येकाला आहे.

घरी सगळ्यांत भरवशाचं म्हणजे उकळणं. खळखळून उकळी फुटली की एक मिनिट पुरे. महाबळेश्वरला उंचीमुळे पाणी साधारण ९५ अंशांच्या आसपासच उकळतं, मग जंतू मरतात का, असं तिकडचे लोक विचारतात. मरतात, हे जिवाणू त्याच्या बऱ्याच खालच्या तापमानाला मरतात. भीती असते ती उकळून झाल्यावर. थंड झालेल्या पाण्यात हात घालून तांब्या बुडवला की सगळी मेहनत पाण्यात.

पण उकळायला गॅस लागतो, भांडं लागतं, वेळ लागतो. उसाच्या हंगामात ऊसतोड्यांच्या टोळ्या कोप्या बांधून राहतात, पहाटे तीनला उठून फडात जातात आणि पाटाचं किंवा विहिरीचं जे मिळेल ते पाणी पितात. त्यांना पाणी उकळून प्या सांगणं मला बरोबर वाटत नाही. जिथे टोळी उतरते तिथे क्लोरीन घातलेली पाण्याची टाकी आणि शौचालय मिळणं, हे ऊस घेऊन जाणाऱ्यांचं काम आहे. तसंच गावांचं. वाईपासून हरिपूरपर्यंत कृष्णेच्या काठावर प्रत्येक गाव वरच्याचं पाणी घेतं आणि खालच्याला देतं. सांगलीत शेरी नाल्याचं सांडपाणी नदीत जातं हा विषय कित्येक वर्षं गाजतोय, आणि तो फक्त वासाचा किंवा नदीच्या रूपाचा विषय नाही. नाल्यातून येतात ते वर सांगितलेले सगळे पाहुणे. मैलाशुद्धीकरण केंद्र बांधलं तरी शेवटी क्लोरीन किंवा अतिनील किरणांची पायरी नसेल, तर दिसायला स्वच्छ पाण्यातून ते पुढे जातातच.

शेवटी एक कामाची गोष्ट. वाडीत एकाच वेळी दोन-तीन घरांत जुलाब-उलट्या सुरू झाल्या, तर प्राथमिक आरोग्य केंद्राला त्याच दिवशी कळवा आणि आजारी माणसाला लगेच ओआरएस सुरू करा. पुडी नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा. जुलाब थांबायची वाट बघत पाणी तोडू नका. डॉक्टर दिलीप महालनोबीस यांनी १९७१ मध्ये पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत अशाच मीठ-साखरेच्या पाण्यावर कॉलऱ्याचे मृत्यू सुमारे ३० टक्क्यांवरून चार टक्क्यांच्या आत आणले होते. आणि गावकऱ्यांनी घाबरून टाकीत पोतंभर टीसीएल ओतण्याआधी नळाच्या पाण्याचा एक नमुना बाजूला काढून घ्या. जास्तीचं क्लोरीन पडल्यावर जंतू मरतात खरे, पण ते आले कुठून हे सांगणारा पुरावाही त्यांच्याबरोबर जातो. बाटली आरोग्य सेवकाकडून घ्या; तिच्यात क्लोरीन मारणारं औषध आधीच घातलेलं असतं, म्हणून ती विसळायची नाही. वर गाव, नळाची जागा, तारीख आणि वेळ लिहून बर्फात ठेवून पाठवा.